समुद्रकाठचा पाहुणा आणि गावचा वाटा

२०२५ च्या जुलै महिन्यात पॅरिस येथे भरलेल्या युनेस्कोच्या जागतिक वारसा समितीच्या अधिवेशनात मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश करण्यात आला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रात आहेत, बारावा जिंजी हा तमिळनाडूत. या बारांमध्ये खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार किल्ले समुद्राचे आहेत. बातमी आली तेव्हा गावोगावी ढोल वाजले, पेढे वाटले गेले, आणि ते योग्यच झाले. परंतु उत्सवाचा गुलाल खाली बसल्यावर एक प्रश्न विचारावयास हवा होता, तो फारसा कोणी विचारल्याचे दिसले नाही. या चार किल्ल्यांच्या पायथ्याशी जी गावे आहेत, थळ, हर्णै, विजयदुर्ग, मालवण, त्या गावांतील माणसाच्या पदरात या मानामुळे नेमके काय पडणार?

वारशाच्या यादीत नाव लागल्याने कोणाच्या घरात आपोआप पैसा येत नाही. येतात ती माणसे. ती येताना पैसा घेऊन येतात आणि तो कोठेतरी खर्च करून परत जातात. त्या पैशापैकी किती गावात राहतो, किती काळ राहतो आणि कोणाच्या हातात राहतो, हा अर्थशास्त्राचा साधा प्रश्न आहे. कोकणच्या बाबतीत मात्र त्याचे उत्तर देण्याऐवजी आपण बहुधा पर्यटकांच्या संख्येचे आकडे सांगतो. एखाद्या दुकानात दिवसभरात किती माणसे शिरली यावरून त्या दुकानाचा नफा काढावा, तसाच हा प्रकार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आज ज्यांना आपण पर्यटनस्थळे म्हणतो ती एके काळी कोणी पाहावयास जाण्याची ठिकाणे नव्हती. ती कामाची ठिकाणे होती. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ च्या नोव्हेंबरमध्ये सिंधुदुर्गाच्या बांधकामास आरंभ झाला आणि १६६७ मध्ये ते पुरे झाले. एवढ्या मोठ्या बांधकामासाठी पाथरवट, लोहार, सुतार, चुनेवाले, नाखवे आणि खलाशी किती लागले असतील याची कल्पनाच केलेली बरी. विजयदुर्गाजवळ वाघोटणच्या खाडीत गिर्ये येथे खडक खोदून केलेली गोदी आजही दिसते. तेथे आंग्र्यांच्या काळात जहाजांची डागडुजी होत असे. म्हणजे या गावांत बाहेरचा पैसा येत होता तो कौशल्याच्या मोबदल्यात. १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाईव्ह यांच्या आरमाराने विजयदुर्ग घेतला, तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि त्याबरोबर केवळ एक सत्ता गेली असे नव्हे, एक धंदाही बसला.

त्यानंतरची दीड-दोनशे वर्षे या किनाऱ्याने माणसे निर्यात केली. मुंबईच्या गिरण्या, गोदी, पोलीस दल, पोस्ट, सरकारी व खाजगी कचेऱ्या यांना कोकणाने मनुष्यबळ पुरवले आणि त्याच्या बदल्यात मनीऑर्डरी आल्या. आगबोट धक्क्याला लागली की चाकरमानी उतरत, आणि पोस्टमन दारात आला की चूल पेटे, असे म्हटले तर त्यात फारशी अतिशयोक्ती होणार नाही. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि ही मनीऑर्डरीची अर्थव्यवस्था मुळापासून हादरली. पर्यटनाकडे कोकणचे लक्ष गेले ते या पार्श्वभूमीवर, हे विसरून चालणार नाही. ज्या प्रदेशातून माणूस पैशासाठी बाहेर जात होता, त्या प्रदेशात आता पैसेवाला माणूस बाहेरून येईल, अशी ती आशा होती. ती गैर नव्हती.

आशा आणि शिरगणती

रत्नागिरीपासून वेगळा होऊन १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, आणि १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी कोकण रेल्वे पूर्णपणे वाहतुकीस खुली झाली. घोषणाही झाली आणि गाडीही आली. आता शिरगणतीचे आकडे पाहावेत. २००१ मध्ये सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. रत्नागिरीची १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. देशाची लोकसंख्या वाढत असताना या दोन जिल्ह्यांची घटली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, सिंधुदुर्गात १०३६. याचा अर्थ गावचा कर्ता पुरुष अजूनही बाहेर आहे.

या घटीस सर्वस्वी पर्यटनाचे अपयश जबाबदार आहे असे म्हणण्याचा आततायीपणा मी करणार नाही. जन्मदर कमी झाला, शिक्षण वाढले, शिकलेला मुलगा पुण्या-मुंबईस जाणारच. तरीपण एवढे निश्चित म्हणता येईल की, पर्यटन जिल्हा ही पदवी मिळाल्यानंतरच्या पहिल्या संपूर्ण दशकात पर्यटनाने गावातील माणूस गावात धरून ठेवला नाही. रेल्वे दोन्ही दिशांनी धावते, हे आपण योजना आखताना विसरतो. पाहुणा ज्या गाडीने उतरला, त्याच गाडीत यजमानाचा मुलगा चढला. २०११ नंतरची शिरगणती लांबली, त्यामुळे पुढील काळाविषयी आकड्यांनी बोलणे कठीण. परंतु किनाऱ्यावरच्या वाड्यांतील बंद घरे पाहावयास शिरगणतीची वाट पाहण्याचे कारण नाही.

असे का व्हावे? पहिले कारण हंगाम. आपण नोकरदार आणि शिक्षक मंडळी केव्हा फिरावयास जातो? दिवाळीच्या सुट्टीत, नाताळात, मे महिन्यात, आणि शनिवार-रविवारला जोडून एखादी सुट्टी आली तर तेव्हा. जूनपासून समुद्र खवळतो, सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होड्या बंद होतात. त्याच दिवसांत मासेमारीही बंद असते. म्हणजे एक धंदा बसला असता दुसऱ्याने हात द्यावा, तर हे दोन्ही धंदे एकाच वेळी बसतात. ज्याने कर्ज काढून चार खोल्या बांधल्या त्याच्या बँकेचा हप्ता मात्र बारा महिने चालू राहतो. साहजिकच तो सारा भार मोजक्या गर्दीच्या दिवसांवर टाकतो. मग पर्यटक म्हणतो, कोकणात फार लुबाडतात. आणि घरमालक म्हणतो, वर्षाचे पोट या दिवसांत भरावयाचे आहे. दोघेही खरेच बोलत असतात.

दुसरे कारण गळती. हिशेबाच्या सोयीसाठी समजा, पुण्याहून निघालेल्या एका कुटुंबाने तीन दिवसांत पंधरा हजार रुपये खर्च केले. गाडीचे इंधन आणि रस्त्यावरचा टोल यांतला पैसा किनाऱ्यास शिवतही नाही. खोली जर बाहेरच्या भांडवलाने बांधलेल्या हॉटेलात असेल तर तिचे भाडे ज्या शहरातून भांडवल आले तेथेच परत जाते. गावात राहतो तो झाडूवाल्याचा आणि पहारेकऱ्याचा पगार. ताटातला तांदूळ, तेल, भाजी घाटावरून आलेली. बाटलीतले पाणीसुद्धा बाहेरचे. आणि सुरमई? गर्दीच्या दिवसांत स्थानिक जाळ्यात तेवढी सुरमई सापडत नाही, म्हणून ती बर्फात घालून दुसऱ्या बंदरांवरून आणली जाते. ती मालवणी मसाल्यात तळली म्हणून मालवणची. याच्या उलट, तेच कुटुंब एखाद्या घरगुती खोलीत उतरले, घरच्या स्त्रीने रांधलेले जेवले, गावातल्या होडीने किल्ल्यावर गेले आणि जाताना कोकम, आमसुले, काजू आणि खाजे घेऊन गेले, तर त्याच पंधरा हजारांतला बराच मोठा भाग गावात उतरतो आणि तेथे पुन्हा एकदोनदा हातांतरित होतो. पर्यटक तोच, खर्च तोच. गावचा लाभ मात्र अगदी निराळा. आपल्या सरकारी अहवालांत या दोन पर्यटकांची नोंद एकाच रकान्यात होते.

एक छोटे विषयांतर. विजयदुर्गावर गेलेल्या बहुतेकांना तेथील ‘साहेबाचे ओटे’ दाखवून सांगण्यात येते की, १८६८ मध्ये लॉकियर नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने येथूनच सूर्यग्रहण पाहून हेलियमचा शोध लावला. प्रस्तुत लेखकाने विद्यार्थ्यांच्या सहलीबरोबर उभे राहून हे ऐकले आहे. वस्तुतः १८६८ च्या १८ ऑगस्टला ग्रहणाचे प्रसिद्ध निरीक्षण केले ते फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन यांनी, आंध्रातील गुंटूर येथे. लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्ये होते आणि त्यांनी आपले निरीक्षण ऑक्टोबरमध्ये तेथूनच केले. लॉकियर विजयदुर्गास खरोखर आले ते १८९८ च्या २२ जानेवारीच्या खग्रास ग्रहणासाठी. ही खरी हकीकतही काही कमी रोचक नाही. मग खोटी कशाला सांगावयाची? वारसा पाहावयास आलेल्या माणसाला आपण अखेर काय विकतो, तर माहिती. ती चोख असावी यासाठी गावातल्या शिकलेल्या मुलांना वाटाड्याचे शिक्षण देणे आणि तालुक्याच्या महाविद्यालयातील इतिहासाच्या प्राध्यापकांनी त्यात लक्ष घालणे, यास कोट्यवधी रुपये लागत नाहीत. कदाचित म्हणूनच ते होत नसावे.

समुद्र कोणाचा?

आता मूळ प्रश्नाच्या गाभ्याकडे वळू. मालवणच्या किनाऱ्यावर पिढ्यानपिढ्या चालत आलेली रापण ज्यांनी पाहिली असेल त्यांना माझा मुद्दा चटकन ध्यानात येईल. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हे, पुष्कळ हात लागतात. जाळे किनाऱ्यास लागले की मासळीचे वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्या हातांचा वाटा. भांडवल आणि श्रम यांच्या विभागणीवर आम्ही वर्गात तासन्‌तास बोलतो. येथे ती वाळूवर डोळ्यांसमोर होते. या पद्धतीत सारे समान असतात असे नाही, भांडणेही होतात. परंतु समुद्र सामाईक आहे आणि त्याच्या उत्पन्नावर किनाऱ्याच्या वस्तीचा हक्क आहे, हे तत्त्व त्यात गृहीत धरलेले असते.

रापणीला मोकळी पुळण लागते. जलक्रीडेच्या यांत्रिक होड्या, छत्र्या, खुर्च्या आणि टपऱ्या यांनाही तीच पुळण लागते. येथून संघर्षास सुरुवात होते. त्यातच पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक नौकांनी पारंपरिक मच्छीमाराच्या तोंडचा घास ओढून नेला. २०१६ मध्ये राज्य सरकारने या जाळ्यांवर बंधने घातली, तरी तंटा मिटलेला नाही. अशा रीतीने मासळी कमी मिळू लागल्यावर रापणकराचा मुलगा पर्यटकांना समुद्र दाखवू लागला. काहींच्या घरी बरे दिवस आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. तथापि रापणीचा वाटा सर्वांचा असे, आणि जलक्रीडेचा वाटा ज्याच्याकडे यंत्र आणि परवाना आहे त्याचा असतो. समुद्र तोच राहिला, वाटणी बदलली.

निसर्गसंरक्षणाच्या बाबतीतही हेच घडले. सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांत प्रवाळ आणि नाना रंगांचे मासे आहेत. १९८७ मध्ये सरकारने सुमारे २९ चौरस किलोमीटरचे मालवण सागरी अभयारण्य जाहीर केले. मच्छीमारांनी त्याला कडाडून विरोध केला, कारण आपल्याला न विचारता आपला समुद्र आपल्याला बंद केला जात आहे अशी त्यांची भावना झाली. पुढे काळ असा फिरला की, त्याच खडकांवर पाण्याखाली डोकावण्यासाठी शहरी पर्यटकांच्या रांगा लागल्या. ज्या प्रवाळाच्या रक्षणासाठी मच्छीमाराचे जाळे नको होते, त्याच प्रवाळावर हौशी पर्यटकाचा पाय आणि होडीचा नांगर पडू लागला. हे पाहणाऱ्या मच्छीमाराचा सरकारी निसर्गप्रेमावर विश्वास बसावा अशी अपेक्षा करणे जरा जास्तच होईल.

सुरक्षिततेचा प्रश्नही येथेच उभा राहतो. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रात सहलीस आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे विद्यार्थी बुडाले. सहली नेणाऱ्या आम्हा शिक्षकांची झोप त्या घटनेने उडवली. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्ली येथे पर्यटकांना घेऊन परतणारी होडी उलटून दोघे मृत्युमुखी पडले. अपघात झाला की काही दिवस परवाने तपासले जातात, फलक लागतात. ओहोटीच्या वेळी पाणी माणसाला कोठे ओढून नेते हे त्या किनाऱ्यावरच्या कोणत्याही कोळ्याला किंवा गाबिताला पाठ असते. त्याच्या मुलास बारमाही पगारावर जीवरक्षक म्हणून नेमणे हा जीव वाचवण्याचा आणि रोजगाराचा, दोन्ही अंगांनी उत्तम खर्च आहे. पण तो महसुली खर्च आहे. त्याचे उद्घाटन करता येत नाही.

हा शेवटचा मुद्दा मी उपहासाने लिहिलेला नाही. आपल्या पर्यटनविषयक खर्चाची ठेवणच अशी आहे की, भांडवली कामास पैसा मिळतो, निगराणीस मिळत नाही. चिपी येथील विमानतळ २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाला. तेथील विमानसेवा मात्र अखंड चाललेली नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या पूर्ततेच्या तारखा एकामागून एक उलटून गेल्या. नौदलाची निवृत्त नौका ‘गुलदार’ निवतीजवळ समुद्रतळाशी ठेवून तेथे पाण्याखालचे संग्रहालय करण्याची सुमारे ४७ कोटी रुपयांची योजना मंजूर झाली. मालवणच्या राजकोटावर २०२३ च्या ४ डिसेंबरला उभारलेला शिवछत्रपतींचा पुतळा २०२४ च्या २६ ऑगस्टला कोसळला, आणि २०२५ मध्ये त्या जागी नवा उभारण्यात आला. या सर्वांची बरीवाईट चर्चा झालेली आहे, तिच्यात मी शिरत नाही. मला विचारावयाचे आहे ते एवढेच: याच काळात किनाऱ्यावरच्या किती ग्रामपंचायतींना कचरा उचलण्यासाठी एक जास्तीची गाडी आणि दोन जास्तीची माणसे मिळाली?

कोकणात तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. जांभ्या दगडातून तो झिरपून समुद्रास मिळतो, आणि मे महिन्यात विहिरी तळ गाठतात. नेमकी त्याच महिन्यात पर्यटकांची गर्दी असते. पाहुणा दिवसातून दोनदा शॉवर घेतो, शेजारची म्हातारी हंडा घेऊन टँकरची वाट पाहते. पंचायतीचे उत्पन्न मुख्यतः घरपट्टीचे. ती कायम वस्तीच्या मानाने ठरलेली. आणि सुट्टीच्या चार दिवसांत गावात वस्तीच्या कितीतरी पट माणसे. त्यांचा कचरा, त्यांचे सांडपाणी, त्यांच्या गाड्यांनी अडलेला रस्ता, हा सारा भार गावावर. याला अर्थशास्त्रात बाह्य खर्च म्हणतात. सोप्या मराठीत, खाल्ले एकाने आणि उष्टी काढली दुसऱ्याने.

वेळासचा धडा, आणि त्याच्या मर्यादा

यावर काही उपायच नाही असे नव्हे. मंडणगड तालुक्यातील वेळास हे गाव आपण नाना फडणीसांचे म्हणून ओळखत होतो. तेथील किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे हिवाळ्यात अंडी घालावयास येतात. पूर्वी ती अंडी माणसे आणि कुत्री-कोल्हे पळवीत. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांच्या मदतीने घरटी राखावयास आरंभ केला. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले वाळूतून बाहेर पडून समुद्राकडे निघतात तो क्षण पाहावयास पहाटे आणि संध्याकाळी माणसे दोरीबाहेर उभी राहतात. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, घरचे जेवतात, अंगणात किंवा पडवीत झोपतात.

वेळासचे महत्त्व कासवात आहे त्याहून अधिक त्या व्यवस्थेत आहे. येथे मोठे भांडवल लागले नाही, कारण घर आधीच होते. बाहेरच्या गुंतवणूकदारास तेथे विशेष वाव मिळाला नाही, कारण विकावयाची वस्तू म्हणजे गावाने राखलेली घरटी. ती राखली नाहीत तर दुसऱ्या दिवशी काही उरत नाही. कासव जगवण्यात गावाचा हितसंबंध निर्माण झाला. मालवणच्या अभयारण्यात १९८७ मध्ये जे साधले नाही ते येथे साधले, याचे कारण येथे आधी गावाला विचारले गेले. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत मच्छीमार घरांतील स्त्रियांच्या ‘स्वामिनी’ बचत गटाने सुरू केलेली कांदळवनाची सफर हे याच जातीचे दुसरे उदाहरण. होडी त्यांची, वल्हे त्यांच्या हातात, आणि माहितीही त्यांचीच.

मात्र वेळासची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. महोत्सवाचा काळ थोडा. त्यावर कोणाचे वर्ष निघत नाही. कासव किती येतील हे कोणाच्या हातात नाही. पाहुण्यांच्या रांधण्या-वाढण्याचे सारे काम घरातल्या बाईच्या अंगावर पडते आणि पैसे बहुधा घरातला पुरुष मोजून घेतो, हेही पाहण्यात येते. शिवाय निसर्गावर आधारलेला धंदा निसर्गाच्या तडाख्यातून सुटत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आले आणि काही तासांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. माड पुन्हा फळावयास सहा-सात वर्षे लागतात. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. ज्यांनी बागही ठेवली होती आणि खोल्याही, त्यांचे दोन्ही गेले. आणि भरपाईच्या निकषांत बागेचा विचार होता, पाहुण्यांसाठी ठेवलेल्या खोल्यांतील बुडालेल्या धंद्याचा नव्हता.

एक बातमी मात्र येथे सांगितल्यावाचून राहवत नाही. २०२१ मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर खूण केलेली एक मादी कासवीण २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालून ती आली. वर्गात ही बातमी सांगितली तेव्हा मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, तिला रजा प्रवास सवलत मिळते काय?’’ हशा झाला, पण त्याच विद्यार्थ्याने पुढच्या सुट्टीत घरी न सांगता वेळास गाठले, हेही नमूद केले पाहिजे.

कायद्याचे जोते

किनाऱ्यावर कोणी काय बांधावे हे सागरी किनारा नियमनाच्या अधिसूचना ठरवतात. १९९१ मध्ये पहिली निघाली, २०११ मध्ये दुसरी, २०१९ मध्ये तिसरी. या तिसऱ्या अधिसूचनेने ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले. जेथे २०११ च्या शिरगणतीनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक वस्ती आहे तेथे भरतीरेषेपासून ५० मीटरपर्यंत बांधकामास मनाई. जेथे वस्ती त्याहून विरळ आहे तेथे पूर्वीप्रमाणेच २०० मीटरपर्यंत. माड-पोफळींच्या आगरांतून विखुरलेल्या आपल्या वाड्यांपैकी फार थोड्या गावांना पहिला नियम लागू होऊ शकेल. निसर्गाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. याच अधिसूचनेने स्थानिक रहिवाशाला आपल्या राहत्या घरात पाहुणे ठेवण्यास मुभा दिली आहे. अट एवढीच की, घराचे जोते, रचना आणि दर्शनी भाग बदलता कामा नये.

ही तरतूद मला फार मोलाची वाटते, कारण वेळासची व्यवस्था म्हणजे हीच. परंतु तरतूद कागदावर असणे आणि ती वापरता येणे यांत अंतर आहे. ज्या मच्छीमाराचे घर तीन पिढ्यांचे आहे त्याच्या नावावर पुष्कळदा ती जमीनच नसते. सात-बारा उताऱ्यावर आजोबांची, चुलत्यांची, मुंबईस गेलेल्या भावंडांची नावे, आणि कित्येक ठिकाणी सरकारचे. उतारा नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, कर्ज नाही म्हणून नीट शौचालयही बांधता येत नाही, आणि शौचालय नाही म्हणून पाहुणा पुढच्या हॉटेलात जातो. ते हॉटेल मात्र रेषेच्या अलीकडे की पलीकडे आहे याचा वाद वर्षानुवर्षे चालू राहू शकतो, कारण वाद चालवण्याची ऐपत त्याच्या मालकास असते. कायदा सर्वांना सारखा लागू आहे हे खरे. तो परवडतो मात्र सर्वांना सारखा नाही.

तेव्हा युनेस्कोच्या मानानंतर करावयाची पहिली गोष्ट नवा प्रकल्प जाहीर करणे ही नव्हे. चार किल्ल्यांच्या चार गावांत गावठाणांची आणि कोळीवाड्यांची मोजणी पुरी करून राहत्या घरांची मालकी घरवाल्यांच्या नावे लावून देणे, ही होय. दुसरी गोष्ट पैशाची. किल्ल्यावर जाणाऱ्या प्रत्येक माणसाकडून तिकिटाच्या, होडीच्या किंवा वाहनतळाच्या रूपाने काही ना काही घेतले जातेच. त्यातील एक ठरावीक हिस्सा कायद्याने त्या गावच्या पंचायतीकडे अथवा नगरपरिषदेकडे यावा, आणि तो पाणी, कचरा व जीवरक्षक याच तीन बाबींवर खर्च व्हावा. रापणीत जाळ्याचा आणि होडीचा वाटा असतो तसा हा किनाऱ्याचा वाटा. यामुळे एखाद्या कुटुंबास दहा-वीस रुपये जास्त द्यावे लागले तर आपण नोकरदारांनी कुरकुर करू नये; घाट उतरताना रस्त्यात प्यालेल्या चहाला त्याहून अधिक पडलेले असतात.

जागतिक वारशाच्या स्थळांना व्यवस्थापनाचा आराखडा असावा लागतो आणि त्याच्या अंमलबजावणीचा हिशेब वेळोवेळी द्यावा लागतो. या आराखड्यात तटबंदीच्या प्रत्येक चिऱ्याचा विचार होईल, आणि व्हावयासच हवा. सिंधुदुर्गाच्या तटाआत आजही मोजकी कुटुंबे राहतात. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरींवर त्यांचे दैनंदिन जीवन चालत आलेले आहे. पर्यटकांसाठीचे पाणी, स्वच्छतागृहे आणि दुकाने या आराखड्यात कोठे येतील ते ठरवताना या कुटुंबांना समितीच्या बैठकीस बोलावले जाते की त्यांना नुसती नोटीस मिळते, हे पावसाळा सरून मालवणच्या धक्क्यावरून होड्या पुन्हा सुटू लागतील तेव्हा तेथे जाणाऱ्या प्रत्येकाने त्यांच्याच ओट्यावर बसून विचारून पाहावे.